पाच वर्षं म्हणजे तीन पावसाळे

आंबोलीच्या कातळावर पहिला दमदार पाऊस पडला की आंबोली टोड नावाचा बेडूक बाहेर येतो. छोटासा प्राणी, अंगावर वाघासारखे पट्टे. कातळातल्या खोलगट जागी इंच-दोन इंच पाणी साचतं, तिथे नर ओरडायला लागतात, माद्या अंडी घालतात आणि मोजक्या दिवसांत सगळं आटोपतं. ही जात शास्त्रात नोंदली गेली २००९ साली, आणि तिचा वावर आंबोलीच्या आसपासच्या इवल्याशा पट्ट्यातच आहे. आता एखाद्या विद्यार्थ्याने ठरवलं की मादी नर कशावरून निवडते, आवाजावरून, आकारावरून की डबक्यावरून, यावर पीएचडी करायची. विषय अस्सल आहे. पण पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये त्याला हे दृश्य किती वेळा बघायला मिळेल? पाच वेळा नाही. तीन वेळा, तेही सगळं सुरळीत झालं तर.

सुट्या रेणूऐवजी अख्ख्या जिवाकडे आणि त्याच्या उत्क्रांतीकडे बघणारं जे जीवशास्त्र आहे, हार्वर्डसारख्या ठिकाणी ज्याच्या विभागाला ‘ऑर्गॅनिझमिक अँड इव्होल्युशनरी बायोलॉजी’ म्हणतात, त्यातल्या पीएचडीचं आपल्याकडचं सगळं वेळापत्रक सेमिस्टरवर बेतलेलं आहे. बेडूक सेमिस्टर पाळत नाहीत. या विषयात फेलोशिप, परवानगी आणि परीक्षण या तिन्ही गोष्टी हंगामात मोजायला हव्यात, असं माझं म्हणणं आहे. ‘मुलं रखडतात’ ही तक्रार सगळेच करतात. रखडण्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

तो असा. प्रवेश ऑगस्टमध्ये. त्या वर्षीचा उरलेला पाऊस कोर्सवर्कमध्ये जातो. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे. ते पुढच्या मेपर्यंत चालतं. जूनमध्ये दुसरा पावसाळा येतो तेव्हा प्रस्ताव कच्चा असतो आणि परवानगी हातात नसते. फार तर जागा हिंडून घ्यायच्या, पद्धत चालते का ते बघायचं. कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा बहुतेक ठिकाणी दीड-दोन वर्षांच्या सुमारास होते. मग तिसरा, चौथा आणि पाचवा पावसाळा, एवढेच खऱ्या कामाचे. पाचवा पाऊस ऑक्टोबरात थांबतो तेव्हा फेलोशिपचे दहा महिने उरलेले असतात, आणि तेवढ्यात डीएनएचं काम, आकडेमोड, चार चाप्टर आणि व्हायवाची तयारी बसवायची असते.

नियमावली सहा वर्षं देते. पुनर्नोंदणी करून आणखी दोन देते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर दोन देते. फेलोशिप मात्र पाच वर्षांत संपते: दोन वर्षं ज्युनियर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ), तीन वर्षं सीनियर (एसआरएफ). म्हणजे मुदत आहे, पैसे नाहीत. सहावं वर्ष ज्याला घरून पैसे मागवता येतात त्याचंच असतं. त्यामुळे या विषयात कोण टिकतं याची चाळणी बुद्धीपेक्षा घरच्या ऐपतीने लागते.

त्यातही पाऊस शिस्तीत येत नाही. मुंबईत मॉन्सून पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला आला, २०२५ साली २६ मेला. दोन वर्षांत पूर्ण एका महिन्याची तफावत. ज्याची परवानगी कागदावर १ जूनपासून सुरू होते, त्याच्यासाठी २०२५मध्ये पहिल्या पावसाबरोबर विणारे सगळे जीव परवानगी लागू व्हायच्या आत उरकले असणार. २०२०चा पावसाळा टाळेबंदीत गेला. त्या वर्षी ज्यांचा चौथा पावसाळा होता त्यांच्या तीनांतला एक तिथेच गेला. एक्स-रे क्रिस्टलोग्राफी करणाऱ्याला मशीन बंद पडलं तर महिन्याभराने पुन्हा वेळ मिळतो. इथे वर्ष जातं.

परवानगीचा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण बाहेरच्यांना तो फक्त ‘सरकारी दिरंगाई’ वाटतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम २८ खाली अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतो. महाराष्ट्रात त्याचं कार्यालय नागपूरला आहे. प्राणी धरायचा, त्याच्या बोटाचं टोक कापून घ्यायचं किंवा नमुना ठेवायचा तर कलम १२ लागू होतं, आणि तिथे प्राणी कोणत्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातल्या कुठल्या यादीत, आहे यावर सगळं अवलंबून. अनुसूची १ मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते, इतर असेल तर राज्य सरकारची. २०२२च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि कितीतरी जाती एका खणातून दुसऱ्यात गेल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ला अमलात आली. त्यामुळे सीनियरने २०२१मध्ये केलेला अर्ज समोर ठेवून २०२४मध्ये अर्ज भरणारा हमखास चुकतो. प्राण्याला पाठीचा कणा असेल आणि त्याच्यावर प्रयोग करायचा असेल, तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. सडा, म्हणजे कातळाचं पठार, वन खात्याचा नसून गावाच्या गायरानात किंवा खासगी मालकीत असेल, आणि कोकणात तसे पुष्कळ सडे आहेत, तर कलम २८ची गरज नाही. पण अनुसूचीतल्या प्राण्याला हात लावायचा तर कलम १२ सुटत नाही. ‘जंगलात नाही ना, मग कशाला परवानगी’ हा समज अनेकांना महागात पडलेला आहे.

परदेशात पीएचडी करणाऱ्या मराठी मुलांना यात आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. जैविक विविधता कायदा २००२च्या कलम ३ प्रमाणे परदेशी संस्थेला, तसंच आयकराच्या व्याख्येत अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकालासुद्धा, इथलं जैविक साहित्य संशोधनासाठी घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. म्हणजे सांगलीचा मुलगा, आजोळ चांदोलीच्या पायथ्याशी, पण नोंदणी मॅसॅच्युसेट्सला, तर चांदोलीतली बेडकाची ऊती नेण्यासाठी कायद्याच्या दृष्टीने तो परका. नियमामागचं कारण पटण्यासारखं आहे, जैविक संपत्तीची लूट पुष्कळ झालेली आहे. पण पहिल्या वर्षीच हा अर्ज गेला नाही तर दुसरा पावसाळा हातचा गेला असं समजावं.

वन खात्याची बाजू ऐकल्याशिवाय या विषयावर बोलणं अप्रामाणिक होईल. नव्या जातीचं वर्णन अक्षांश-रेखांशासकट छापलं की पुढच्या हंगामात तिथे पाळीव प्राण्यांचे दलाल पोचतात. दक्षिण चीनमधला गोनियुरोसॉरस लुई हा गेको, म्हणजे पालीचाच एक प्रकार, १९९९मध्ये वर्णिला गेला आणि मूळ जागेवरून पकडून पकडून संपवला गेला. आपल्याकडच्या रंगीत कोळ्यांना आणि पालींनाही बाहेर गिऱ्हाईक आहे. तेव्हा खातं प्रत्येक संशोधकाकडे संशयाने बघतं यात नवल नाही. पण संशयाचं उत्तर अर्ज आठ महिने पडून राहणं हे नव्हे. जागेचा नेमका पत्ता शोधनिबंधात न छापता खात्याकडे आणि संग्रहालयाकडे बंद नोंदीत ठेवण्याची अट घालता येते. दलालाला अर्ज करायचाच नसतो. उशिराचा फटका फक्त अर्ज करणाऱ्याला बसतो.

आता मुख्य शास्त्रीय मुद्दा. तीन हंगाम कमी पडतात ते आळसामुळे नाही, विषयाच्या स्वभावामुळे. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३मध्ये फिंच पक्षी मोजायला सुरुवात केली. १९७७च्या दुष्काळात मध्यम ग्राउंड फिंचांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मेले. मऊ बिया संपल्या, उरलेल्या मोठ्या कडक बिया जाड चोचीलाच फुटत होत्या; वाचले ते जाड चोचीचे, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने जाड झाली. त्या दुष्काळातल्या मोजमापात पीटर बोग या पीएचडीच्या विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. समजा, काम तिथेच थांबलं असतं. तर पाठ्यपुस्तकात काय गेलं असतं? की नैसर्गिक निवड जाड चोचीच्या बाजूने आहे. १९८२-८३च्या एल निन्योत बेटावर धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि त्यानंतर निवड उलटी फिरली, लहान चोच फायद्याची ठरली. निवडीची दिशा वर्षागणिक बदलते, हा या अभ्यासातला खरा शोध. तो तीन वर्षांत दिसणं अशक्य होतं. विद्यार्थ्याची पीएचडी झाली ती त्या बेटावर त्याच्या आधी आणि नंतर माणसं होती म्हणून.

यावर एक जोरकस आक्षेप आहे. पीएचडी म्हणजे प्रशिक्षण; आयुष्यभराचं काम पाच वर्षांत उरकायला कुणी सांगितलंय? पटकन पिढ्या बदलणारा जीव घ्या. आक्षेप बराचसा खरा आहे, आणि आपल्याकडे त्याची उत्तम उदाहरणं आहेत. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये आणि पुण्याच्या आयसरमध्ये ड्रोसोफिला माशीवर प्रयोगशाळेत उत्क्रांती घडवून बघितली जाते. केळं, गूळ, बार्ली, यीस्ट आणि अगार यांचं खाद्य, २५ अंश तापमान. बेंगळुरूच्या मूळ वंशावळींत पिढीचं चक्र २१ दिवसांचं, दर पिढीला अठराशेच्या आसपास प्रौढ माश्या. ३६५ भागिले २१, म्हणजे वर्षाला सतराच्या वर पिढ्या, पाच वर्षांत पंच्याऐंशीच्या वर. कातळावरच्या बेडकाला एवढ्या पिढ्या काढायला माणसाचं आयुष्य पुरायचं नाही. या कामाला ना नागपूरचा अर्ज लागतो ना मॉन्सूनची वाट.

पण हे सोपं आहे असं कुणी समजू नये. एकविसावा दिवस लक्ष्मीपूजनाला आला तरी अंडी गोळा करायलाच लागतात, कारण एक दिवस उशीर केला की तुम्ही नकळत उशिरा अंडी घालणाऱ्या माश्या निवडल्या. कुपीत अंडी साठऐवजी दोनशे पडली तर गर्दी वाढली, आणि गर्दी हा स्वतःच एक निवडीचा दाब आहे. मग बदल कशामुळे झाला ते सांगता येत नाही. खाद्यात बुरशीनाशक कमी पडलं की बुरशी, बाहेरून आणलेल्या एका कुपीतून माइट (अगदी बारीक किडे) शिरले की सगळी खोली धुऊन काढायची. आणि एकच वंशावळ ठेवून भागत नाही. निवडीच्या चार आणि तुलनेच्या चार, अशा निदान आठ तरी समांतर चालवाव्या लागतात, नाहीतर योगायोगाने झालेला बदल आणि निवडीने झालेला बदल वेगळा काढता येत नाही.

तरीही या प्रयोगशाळांकडे जे आहे तेच सड्यावर नाही: वारसा. माश्यांची वंशावळ एका विद्यार्थ्याची नसते. तो आला तेव्हा ती दोनशे पिढ्यांची होती, जाईल तेव्हा तीनशेच्या जवळ गेलेली असेल. रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या बारा वंशावळी २४ फेब्रुवारी १९८८ला सुरू केल्या. रोज शंभरात एक भाग नव्या फ्लास्कमध्ये, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या वर पिढ्या. दर पाचशे पिढ्यांना नमुना गोठवून ठेवायचा. सायट्रेट खाणारा जिवाणू उपजला तो साडेएकतीस हजाराव्या पिढीच्या आसपास, प्रयोग सुरू होऊन जवळपास पंधरा वर्षांनी. पहिल्या विद्यार्थ्यांना तो दिसणारच नव्हता. तरी त्यांच्या पीएचडी झाल्या, कारण अखंड चाललेल्या कामातला आपापला तुकडा त्यांच्या वाट्याला आला. २०२२मध्ये तो प्रयोग मिशिगनहून टेक्सासला दुसऱ्या प्रयोगशाळेकडे सोपवला गेला. शिक्षक निवृत्त होतो, फ्लास्क चालू राहतात.

आपल्याकडे रानातलं असं काम अगदीच नाही असं नाही. मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८पासून ५० हेक्टरचा तुकडा आखून त्यातलं एक सेंटिमीटरहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजत ठेवलं आहे. तिथे येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी काही दशकांचा डेटा मिळतो. उत्तर सह्याद्रीतल्या किती सड्यांवर असा तुकडा आहे? कास २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे फुलं बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांची नोंद होते. कोल्हापूर-रत्नागिरीकडचे काही सडे बॉक्साइटसाठी खणले जातात, त्यांच्यावर आधी काय होतं याची सलग दहा वर्षांची नोंद मिळणं मुश्कील. सगळेच माशीकडे वळले तर हे सडे अभ्यासाविनाच जातील. म्हणून ‘सोपा जीव घ्या’ हा सल्ला एकेका विद्यार्थ्यासाठी शहाणपणाचा आणि देशासाठी तोट्याचा आहे.

मधला मार्ग आहे आणि तो गाईडने पहिल्या सहा महिन्यांत आखून द्यायला हवा. प्रबंधातला एकच चाप्टर पावसाच्या हवाली करावा. दुसरा संग्रहालयातल्या नमुन्यांवर: मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिसरा आधीच प्रसिद्ध झालेल्या डीएनए क्रमांवर, वंशवृक्ष बांधून. चौथा अशा जिवावर जो अंगणात मिळतो. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढते, अंड्यापासून फुलपाखरू व्हायला महिना-सव्वा महिना. त्याची मादी भारतात तीन रूपांत दिसते. एक नरासारखी, दोन रूपं विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी. ही रूपं डबलसेक्स या एका जनुकाच्या पर्यायांवर ठरतात, हे २०१४मध्ये दाखवलं गेलं. त्या कामात कृष्णमेघ कुंटे होते. रोपालिडिया मार्जिनाटा ही गांधीलमाशी खिडकीच्या गजांवर घर करते आणि दक्षिणेत वर्षभर सापडते. राघवेंद्र गदगकरांच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी तिच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन एकेक माशी ओळखत समाजजीवनाची उत्क्रांती अभ्यासली. आणि कुणाचं डोकं गणिताकडे असेल तर तीही वाट आहे. माधव गाडगीळांनी हार्वर्डमध्ये शिकत असताना तिथले संशोधक विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर जे काम केलं, ते १९७०मध्ये छापून आलं: जिवाने आपली ताकद वाढीत घालावी की पिल्लांत, याचं गणिती उत्तर. भारतात परतून रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाचं हे सुरुवातीचं काम, हे अनेकांना माहीतच नसतं.

विद्यार्थ्यांच्या चुकाही सांगायला हव्यात, कारण हंगाम हातचा जाण्याचं दुसरं कारण त्याच असतात. सगळ्यात महाग चूक आकड्यांची. समजा चराईचा बेडकांच्या वाढीवर परिणाम बघायचा आहे. एक सडा गुरं चरतात तो, एक राखलेला. दोन्हींवर पाच-पाच डबकी, प्रत्येकातले वीस डिंभक, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, मोजले. विद्यार्थी अभिमानाने सांगतो, नमुना दोनशेचा. नाही. एका डबक्यातले डिंभक बहुधा भावंडं, सगळ्यांना तेच पाणी, तेच ऊन. चराई लागू झाली ती सड्याला, डिंभकाला नाही, म्हणून खरा नमुना दोन. दोन सड्यांमध्ये उंचीचा, मातीचा, पावसाचाही फरक आहे, तो चराईपासून वेगळा काढायचा कसा? सहा-सहा सडे घेऊन प्रत्येकावर पाचच डिंभक मोजले असते तर मोजणी एक तृतीयांशाहून कमी आणि पुरावा कितीतरी पक्का. ही चूक प्रयोगशाळेत पुढच्या आठवड्यात सुधारते. सड्यावर ती चौथ्या वर्षी परीक्षकाच्या शेऱ्यातून कळते.

दुसरी चूक नमुन्याच्या कुपीत. बेडूक आधी फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्याच्या डीएनएचे रेणू एकमेकांना आणि प्रथिनांना जखडून जातात, मग जनुक वाचणं जवळजवळ अशक्य. आधी यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकायचा, तुकड्याच्या दहापट तरी अल्कोहोल, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण ऊतीतल्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं. मग उरलेला प्राणी दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, आणि नंतर कायमचा सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. कुपीवर मार्करने लिहिलेला क्रमांक पावसाळी रात्री झाकणातून गळलेल्या अल्कोहोलने एका पुसण्यात जातो. म्हणून चांगल्या कागदाच्या चिटोऱ्यावर शिसपेन्सिलने लिहून तो कुपीच्या आत टाकायचा. चाळीस कुप्यांचे क्रमांक पुसले गेले तर चाळीस बेडूक फुकट मेले आणि एक हंगाम गेला. आवाज ध्वनिमुद्रित करताना हवेचं आणि पाण्याचं तापमान त्याच क्षणी लिहायला लागतं, कारण ऊब वाढली की बेडकाच्या आवाजाचा वेगही वाढतो. तापमानाशिवाय दोन रात्रींचे आवाज ताडून बघता येत नाहीत. फोनवर एमपीथ्री करून आणलेल्या आवाजाचं पुढे फारसं काही होत नाही, डब्ल्यूएव्ही ठेवायची.

पैशांचं बोलायचं तर १ जानेवारी २०२३पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. यात एका माणसाचं जगणं निघतं. फिल्डवर्क निघत नाही. सीएसआयआरच्या फेलोशिपबरोबर आकस्मिक खर्चाला वर्षाला २०,००० मिळतात. चार महिन्यांचा हंगाम म्हणजे १२० दिवस, दिवसाला मोटारसायकलने चाळीस किलोमीटर, एकूण ४,८०० किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस धरले तर १०७ लिटर पेट्रोल, १०५ रुपये भावाने ११,२०० रुपये. अर्ध्याहून जास्त रक्कम टाकीतच गेली. गावातल्या वाटाड्याची रोजंदारी, खोलीचं भाडं, टॉर्चचे सेल, अल्कोहोल, डीएनए वाचनाचं बिल अजून पुढेच आहे. रात्री सड्यावर एकट्याने जायचं नसतं, हे सुरक्षेचं पहिलं कलम. पण सोबत्याला द्यायला पैसे नसल्याने मुलं, आणि मुलीही, एकट्या जातात. गाईडकडे प्रकल्प असेल तर भागतं, नसेल तर रफर्डसारख्या परदेशी फाउंडेशनकडे हात पसरायचा. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन पीएचडीच्या कामासाठी छोटी अनुदानं द्यायचं. परिसरशास्त्र-उत्क्रांतीच्या विभागांनी ती २०१७मध्ये बंद केली, कारण दिलं अर्ज हाताळण्याच्या व्यापाचं. तिथले लोक त्याबद्दल अजून हळहळतात. आपल्याकडे बंद करायलाही तसं काही नव्हतं.

मग करायचं काय? फेलोशिपची मुदत या विषयापुरती वर्षांऐवजी हंगामात लिहावी: चार पूर्ण हंगाम आणि लेखनाचं एक वर्ष. परवानगीचा अर्ज पूर्ण भरून गेल्यावर जे महिने वाट बघण्यात जातात ते फेलोशिपच्या मुदतीत धरू नयेत. यासाठी जादा पैसा लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पाच वर्षं पोसून सहाव्या वर्षी अर्धवट सोडून गेलेल्या विद्यार्थ्यावर खर्च होतोच, त्याचा हिशेब फक्त कुणी मागत नाही. परवानगी एका पावसाळ्याची न देता तीन वर्षांची द्यावी, दर जानेवारीत कामाचा अहवाल घेऊन. अहवाल आला नाही तर रद्द करा, कोण नाही म्हणतंय? आणि अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर यावं. नकार चालेल. डिसेंबरात आलेल्या नकारावर विद्यार्थी विषय बदलू शकतो, जुलैत आलेल्या होकाराचं तो काही करू शकत नाही.

माझ्या मते याहूनही निकडीची गोष्ट म्हणजे सड्यावर राहणारा माणूस. विद्यार्थी पाच वर्षांनी जातो, पण गावातला जो मुलगा त्याच्याबरोबर रात्री बेडूक मोजतो त्याला कायमची, पगाराची जागा दिली तर नोंद तुटत नाही. दरवर्षी त्याच डबक्यांवर, त्याच पद्धतीने, पहिल्या पावसापासून. संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, आता मोठ्या रकमांचं बोलते. दहा सडे, दहा माणसं आणि वीस वर्षांची हमी हा प्रस्ताव त्या रकमांच्या मानाने किरकोळ आहे. अडचण रकमेची नाहीच. प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि तिसऱ्या वर्षी ‘निष्पत्ती’ दाखवावी लागते. ‘याही वर्षी मोजलं’ ही निष्पत्ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. परीक्षकांचंही तेच. ज्या प्रबंधात तीन हंगामांची चोख नोंद आहे पण निवडीचा ठाम पुरावा नाही, तो ‘वर्णनात्मक’ म्हणून हिणवला जातो. ग्रँटांची पहिली काही वर्षंही वर्णनात्मकच होती.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ला फुलली, २०१६ला फुलली, २०२४ला फुलली. आठ वर्षांचं तिचं चक्र पुढे २०३२ला येईल. फुलून झाल्यावर ती वाळते आणि पुढच्या पावसात बी रुजतं. सगळी झाडं एकदम का फुलतात, बी खाणाऱ्यांना पुरून उरावं म्हणून की परागीभवन साधावं म्हणून, हे नीट तपासायचं तर फुलोऱ्याच्या आधीचा एक पावसाळा, फुलोऱ्याचा एक आणि रुजण्याचा एक, असे तिन्ही हवेत: २०३१, २०३२, २०३३. तीन पावसाळ्यांत बसणारी ही दुर्मिळ पीएचडी आहे. त्यासाठी प्रवेश ऑगस्ट २०२९मध्ये घ्यायला हवा, जागांची पाहणी २०३०च्या पावसात, आणि परवानगीचा अर्ज त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत. फुलोरा हुकला तर पुढचा २०४०ला.